जुन्या मोटारीचे मंद दिवे

कोणत्याहि जुन्या वस्तूंत प्रथम थकतात ते तिचे सांधे. मनुष्याचें शरीर असो, वाड्याचें लांकडी छत असो किंवा मोटारगाडी असो, हा नियम सर्वत्र सारखाच आढळतो. गाडीच्या बाबतींत मात्र एक भेद आहे. चाकांचे, दरवाजांचे सांधे सैल झाले म्हणजे ते कुरकुरतात व आपल्या कानांवर येतात. विजेचे सांधे थकतात ते मुकाट्यानें, आणि त्यांची वार्ता आपणांस कळते ती अंधारांत, दिवे मंद झाल्यावर.

जुन्या मोटारीविषयीं जिव्हाळा बाळगणारीं कुटुंबें महाराष्ट्रांत आजहि थोडीं नाहींत. वडिलांनीं किंवा आजोबांनीं हौसेनें घेतलेली फियाट वा ॲम्बॅसडर आवारांत आच्छादनाखालीं जपून ठेवलेली असते. दसऱ्यास तिला झेंडूची माळ पडते, आणि घरांत कार्य निघालें म्हणजे तिला बाहेर काढतात. अशा गाडीचें इंजिन सहसा दगा देत नाहीं. तें रचनेनें साधें असतें आणि त्याची नाडी ओळखणारे कारागीर अजून मिळतात. दगा देतात ते दिवे. सायंकाळीं गांवाबाहेर पडावें आणि पुढील दिव्यांचा पिंवळट उजेड रस्त्याच्या कडेपर्यंतहि पोहोंचूं नये. ब्रेक दाबला असतां मागून येणाऱ्या मालमोटारीस आपला तांबडा दिवा दिसतो कीं नाहीं, हें आपणांस कळूं नये. आणि गाडींत तर वृद्ध आजीपासून लहानग्या नातवापर्यंत घरचीं माणसें विश्वासानें बसलेलीं असावींत! हा प्रसंग केवळ गैरसोयीचा नव्हे, प्राणसंकटाचा आहे.

अशा वेळीं सामान्यतः काय केलें जातें? प्रथम बल्ब बदलले जातात. त्यानें भागलें नाहीं म्हणजे नवी बॅटरी येते. मग कोणी अधिक शक्तीचे बल्ब सुचवितो, कोणी संपूर्ण वायरिंग बदलावयास सांगतो. पैसा खर्च होतो, आणि कित्येकदां दिवे होते तसेच राहतात. याचें कारण एवढेंच कीं, दोष दिव्यांत नसून दिव्यांकडे जाणाऱ्या, आणि विशेषतः दिव्यांकडून परत येणाऱ्या वाटेंत असतो. ही परतीची वाट ओळखणें व ती क्रमानें तपासणें हें सामान्य बुद्धीच्या व शांत स्वभावाच्या कोणाहि स्त्रीपुरुषास साधण्याजोगें आहे. तें कसें, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

या गाड्यांचा काळ

मोटारीच्या आरंभकाळीं रॉकेलचे किंवा ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडीस विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकत्र बसविण्यांत आले. ही योजना चार्ल्स केटरिंग या अभियंत्याची. तेव्हांपासून बॅटरी, ती भरणारें यंत्र आणि दिवे ही त्रयी मोटारींत कायम झाली.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटली कीं दोन नांवें डोळ्यांपुढें येतात. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलींतील फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम गाड्या बांधल्या. त्यांपैकीं ११०० डी ही पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें घरोघर पोहोंचली. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्स कंपनीनें इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली ॲम्बॅसडर थेट २०१४ पर्यंत निघत होती. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली; परंतु खासगी मालकीच्या अशा गाड्या अनेक ठिकाणीं चालत्या आहेत.

या गाड्यांची विजेची योजना आजच्या गाड्यांच्या मानानें फारच सरळ आहे. तींत संगणक नाहीं, गुप्त सूचना नाहींत; बॅटरी, फ्यूज, बटण, तार, दिवा आणि लोखंडी सांगाडा एवढाच परिवार. म्हणूनच तिचा दोष घरबसल्या शोधतां येतो.

वीज जाते तशी परतली पाहिजे

घरांतील विजेच्या दिव्यास दोन तारा येतात, हें आपण पाहतों. मोटारींतील पुष्कळशा दिव्यांस मात्र एकच तार आलेली दिसते. मग दुसरी कोठें गेली? ती गाडीचा लोखंडी सांगाडाच होय. बॅटरीचें एक टोंक जाड पट्ट्यानें सांगाड्यास जोडलेलें असतें. दिव्याचें एक टोंकहि त्याच सांगाड्यास टेकलेलें असतें. वीज तारेनें दिव्यापर्यंत जाते आणि पत्र्यांतून बॅटरीकडे परत येते. या परतीच्या वाटेस कारागीर ‘अर्थ’ म्हणतात.

ही युक्ति काटकसरीची आहे, आणि गाडी नवी असेपर्यंत निर्दोषहि असते. पण दिवा ज्या पत्र्यास पेंचानें आवळलेला असतो, तो पत्रा कालांतरानें गंजतो. गाडीस नवा रंग देतांना त्या पेंचाखालीं रंगाचा थर बसतो, आणि रंग हा विजेस पारखा. मागील दिव्याच्या घरांत पावसाचें पाणी शिरतें. मुंबईच्या व कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंत तर पितळेचा होल्डर पाहतां पाहतां हिरवा होतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें असतां तें कळकतें, हें आपल्या गृहिणींस सांगावयास नको. त्याच जातीचा हा कळंक. ताकाची चव तो बिघडवितो, आणि येथें विजेची वाट अडवितो.

येथें एक सूचना करून ठेवतों. फियाटच्या गाड्यांत बॅटरीचें ऋण टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें; इंग्रजी वळणाच्या कित्येक जुन्या गाड्यांत मात्र धन टोंक सांगाड्यास जोडण्याचा प्रघात होता. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं आपल्या गाडींत कोणतें टोंक सांगाड्यास गेलें आहे, तें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

थोड्या अडथळ्याचा मोठा परिणाम

‘थोडासा गंज असला म्हणून काय झालें?’ असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आंकड्यांत देतां येतें. ५५ वॉटचा एक दिवा १२ व्होल्ट दाबावर सुमारें साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिवे मिळून नऊ अँपिअर. दोघांच्या सामायिक वाटेंत कोठें तरी एका ओहमचा जेमतेम आठवा भाग एवढा अवरोध उत्पन्न झाला, तर नऊ अँपिअरांच्या प्रवाहास तेथें सव्वा व्होल्टच्या आसपास दाब गमवावा लागतो. म्हणजे दिव्यास दहावा हिस्सा दाब कमी मिळाला.

प्रकाशहि दहाव्या हिश्शानेंच कमी झाला असता तर ती गोष्ट सहन झाली असती. परंतु तापलेल्या तारेच्या दिव्याचा स्वभाव निराळा आहे. दाब एक दशांश घटला कीं त्याचा प्रकाश सुमारें तीन दशांशांनीं घटतो. दाब एक पंचमांश घटला तर प्रकाश निम्म्याहूनहि कमी होतो, आणि पांढरा रंग जाऊन तांबूस-पिंवळा येतो. उलट बाजूनेंहि हा स्वभाव तितकाच हट्टी आहे. दाब विसांव्या हिश्शानें वाढला, तर बल्बचें आयुष्य निम्म्यावर येतें. एकाच गाडींत मंद दिव्यांची तक्रार आणि वारंवार बल्ब जाण्याची तक्रार या दोहोंचीं मुळें भिन्न ठिकाणीं कां असतात, तें यावरून ध्यानांत येईल. पहिलीचें मूळ बहुधा सांध्यांत. दुसरीचें बहुधा बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या नियामकांत, किंवा बल्बला बसणाऱ्या हादऱ्यांत.

लक्षणांवरून निदान

वैद्य औषध देण्यापूर्वीं नाडी व जीभ पाहतो. त्याचप्रमाणें हत्यार हातांत घेण्यापूर्वीं सर्व दिवे एकेक करून लावावेत, गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी, आणि कोणता दिवा कसा वागतो तें कागदावर टिपून ठेवावें. एवढ्यावरून निम्मा शोध लागतो.

पुढील दोन्ही दिवे सारखेच मंद असतील, तर दोष दोघांच्या सामायिक वाटेंत आहे. बॅटरीचीं टोंकें, मुख्य बटण, डिपर, फ्यूज आणि बॅटरीचा सांगाड्याकडे जाणारा पट्टा हीं ठिकाणें संशयास पात्र होत. एकच दिवा मंद आणि दुसरा प्रखर असेल, तर सामायिक भाग निर्दोष ठरतात. त्या एका दिव्याचा सांधा किंवा त्याचा अर्थ तपासावा. एकच दिवा लांबच्या झोतावर लागतो व जवळच्या झोतावर लागत नाहीं, अशा वेळीं बल्बमधील एक तार तुटली असण्याचा संभव अधिक. तीच गोष्ट दोन्ही दिव्यांत एकदम घडली, तर डिपरच्या कळीकडे पाहावें. जेथें ही कळ पायाशीं असते तेथें चिखलपाण्यानें ती लवकर बिघडते.

दिवे खड्ड्यांत गाडी आदळली कीं विझतात व पुन्हां लागतात, तर सांधा सैल आहे. दहा-पंधरा मिनिटांनीं विझतात व गाडी थांबवून थोडें थंड झाल्यावर आपोआप लागतात, तर कोठें तरी बटण किंवा सांधा तापतो आहे. हें लक्षण आगीची पूर्वसूचना समजावें. गाडी उभी असतां दिवे मंद आणि वेग वाढवितांच प्रखर, हें डायनॅमो असलेल्या जुन्या गाडींत कांहीं अंशीं स्वाभाविक आहे. कारण मंद गतींत डायनॅमो जवळजवळ कांहींच पुरवठा करीत नाहीं व सगळा भार बॅटरीवर पडतो. पुढें आलेल्या अल्टर्नेटरच्या गाड्यांत मात्र हा फरक ठळक दिसूं लागला, तर पट्टा, बॅटरी व भरणारें यंत्र यांची तपासणी करावी.

सर्वांत मौजेचें, आणि नवख्यास गोंधळांत पाडणारें, लक्षण मागील दिव्यांचें आहे. ब्रेक दाबावा तों ब्रेकचा दिवा न लागतां पार्किंगचे दिवे मिणमिणावेत. किंवा वळण्याची खूण करावी तों तिच्या तालावर मागचा तांबडा दिवाहि लुकलुकावा! पाहणारा म्हणतो, ‘तारा एकमेकींस चिकटल्या.’ बहुधा तसें नसतें. मागील दिव्याच्या घराचा अर्थ तुटलेला असतो. ब्रेकच्या २१ वॉटच्या तारेंतून आलेली वीज होल्डरपर्यंत येते. सरळ सांगाड्यांत उतरावें तर दार बंद. मग ती शेजारच्या ५ वॉटच्या तारेंतून उलट्या दिशेनें शिरते, पार्किंगच्या तारेनें गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या दिव्यांकडे जाते आणि तेथून सांगाड्यांत उतरून घरीं परतते. वाटेंत इतके दिवे ओलांडावे लागल्यामुळें ती क्षीण होते, आणि कोणताहि दिवा धड पेटत नाहीं. म्हणून हें ध्यानांत ठेवावें कीं, एका दिव्याचें बटण दाबलें असतां भलताच दिवा मिणमिणूं लागला, तर प्रथम अर्थ पाहावा. वायरिंग बदलण्याचा खर्च कित्येकदां एका गंजलेल्या पेंचावरच वांचतो.

वळणाच्या खुणेचा दिवा नेहमींपेक्षां फार भराभर लुकलुकतो, फार सावकाश लुकलुकतो किंवा पेटून तसाच राहतो, तेव्हां त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो किंवा त्याचा सांधा बिघडलेला असतो. जुना फ्लॅशर प्रवाहाच्या उष्णतेवर चालतो; प्रवाह बदलला कीं त्याचा ताल चुकतो.

आणखी एक गोष्ट. विजेस दोष देण्यापूर्वीं दिव्याचा आरसा व कांच पाहावी. आरशाची चकाकी उडून तो काळवंडला असेल किंवा कांचेच्या आंत ओल धरली असेल, तर वीज पूर्ण मिळूनहि रस्ता उजळणार नाहीं.

शोधाचा क्रम

शोधासाठीं दोनच साधनें लागतात. एक, चाचणीचा दिवा: बारा व्होल्टचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन लांब तारा. दुसरें, मल्टीमीटर या नांवानें बाजारांत स्वस्त मिळणारें मोजयंत्र. शिवाय बारीक पॉलिश पेपर, पेंचकस, पक्कड आणि थोडें व्हॅसलीन हाताशीं असावें. काम दोघांचें आहे. एकानें यंत्र धरावें, दुसऱ्यानें बटण किंवा ब्रेक दाबावा. कांहीं गाड्यांत ब्रेकचा दिवा किल्ली फिरविल्यावांचून लागत नाहीं, हें विसरूं नये.

प्रथम बॅटरीच्या दोन टोंकांमधील दाब मोजावा. इंजिन बंद व गाडी बराच वेळ विसांवलेली असतां भरलेली बॅटरी १२·६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२·२ दिसले तर ती अर्धी रिकामी समजावी. इंजिन जरा वेगानें चालू ठेवलें असतां हाच आंकडा १३·८ ते १४·४ च्या दरम्यान असावा. तो वाढतच नसेल, तर बॅटरी भरली जात नाहीं. तो १५ च्या पुढें जात असेल, तर नियामक बिघडला आहे. बल्ब वारंवार कां जातात याचें उत्तर येथेंच मिळालें, आणि बॅटरीचें पाणीहि त्यामुळें आटत असणार.

बॅटरी निर्दोष ठरली म्हणजे मुख्य परीक्षा. येथें पुष्कळ लोक तार काढून यंत्रानें तिचा अवरोध मोजूं पाहतात. तें निरुपयोगी आहे. ओहमच्या आठव्या भागासारखा सूक्ष्म अवरोध साधें यंत्र विश्वासानें दाखवूं शकत नाहीं. शिवाय तारेचे एकोणीस धागे तुटून एकच उरला असला, तरी यंत्र तिला ‘अखंड’च म्हणेल. म्हणून अवरोध मोजूं नये. दिवा पेटलेला असतां कोठें किती दाब गळतो, तें मोजावें. नदी कोठें अडली हें कोरड्या पात्रांत कळत नाहीं, वाहत्या पाण्यांतच कळतें.

रीत अशी. पुढील दिवे लावावेत. यंत्राचें एक टोंक बॅटरीच्या ज्या टोंकापासून दिव्यांकडे तार निघते त्यावर, आणि दुसरें टोंक दिव्याच्या पाठीमागें जेथें ती तार येऊन मिळते तेथें टेकवावें. यंत्र जो आंकडा दाखवील, तो जाण्याच्या वाटेंत गळालेला दाब होय. तो अर्ध्या व्होल्टच्या आंत असावा. आतां एक टोंक दिव्याच्या अर्थावर आणि दुसरें बॅटरीच्या सांगाड्यास जोडलेल्या टोंकावर ठेवावें. हा परतीच्या वाटेंतील गळ. तो एक-दोन दशांश व्होल्टांपलीकडे जाऊं नये. जेथें आंकडा मोठा, तेथें दोष.

दोष कोणत्या वाटेंत आहे हें कळलें कीं ती वाट अर्धी-अर्धी करीत जावें. बॅटरीपासून फ्यूजपर्यंत किती गळतें? फ्यूजच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत किती? बटणाच्या आंत किती? ज्या दोन बिंदूंमध्यें आंकडा एकदम उडी घेतो, तेथें चोर सांपडला. दहा मिनिटांत हा शोध संपतो, आणि एकहि नवी वस्तु विकत आणावी लागत नाहीं.

सांपडलेला सांधा सोडवावा, पॉलिश पेपरनें धातूची मूळ चकाकी येईपर्यंत घांसावा, अर्थाच्या पेंचाखालील रंग व गंज खरवडून नागवा पत्रा उघडा करावा, घट्ट आवळावें, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा, म्हणजे ओल शिरणार नाहीं. पत्राच सडला असेल, तर दिव्याच्या अर्थापासून एक स्वतंत्र तार काढून ती सांगाड्याच्या भक्कम भागास जोडावी.

फ्यूज हा पहारेकरी

युरोपीय वळणाच्या जुन्या गाड्यांत चिनी मातीच्या लहान कांडीवर धातूची पट्टी बसविलेला फ्यूज असतो. तो दोन पितळी चिमट्यांमध्यें धरलेला असतो. कित्येकदां पट्टी शाबूत असते, पण टोंकांवर व चिमट्यांवर पांढुरकी बुरशी धरल्यासारखा थर चढतो आणि दिवा बंद पडतो. फ्यूज बोटानें जरा फिरविला कीं दिवा लागतो. अशा वेळीं दोन्ही टोंकें व चिमटे घांसून स्वच्छ करावेत व चिमटे किंचित् दाबून घ्यावेत.

खरोखर वितळलेला फ्यूज मात्र कांहीं तरी सांगत असतो. त्याच्या जागीं त्याच आंकड्याचा नवा बसवावा. तोहि लागलीच वितळला, तर तेथेंच थांबावें. या ठिकाणीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागविण्याची खोड पुष्कळांस असते. हिच्यासारखी घातक खोड दुसरी नाहीं. फ्यूज हा त्या वाटेंतील सर्वांत दुबळा दुवा मुद्दाम ठेवलेला असतो, यासाठीं कीं संकट आलें असतां तो जावा आणि बाकीचें सर्व वांचावें. त्याला बलवान् केलें कीं दुबळा दुवा दुसरीकडे सरकतो. तो डॅशबोर्डाखालील तारांच्या जुड्यांत असतो, जेथें कोरडें रबर, कापड व धूळ आगीची वाटच पाहत असतात. चालत्या गाडींत तेथून धूर निघाला, तर मागें बसलेल्या माणसांस बाहेर काढण्यासहि अवधि मिळेल, याचा भरंवसा नाहीं.

फ्यूज वारंवार जात असेल, तर शोधाची सुंदर युक्ति आहे. वितळलेला फ्यूज काढावा आणि त्याच्या दोन चिमट्यांना चाचणीच्या २१ वॉट दिव्याचीं टोंकें जोडावीं. त्या फ्यूजवरील सर्व दिव्यांचे बल्ब काढून ठेवावेत व बटण लावावें. चाचणीचा दिवा तरीहि प्रखर पेटला, तर वीज कोठें तरी मधल्या मध्येंच सांगाड्यांत उतरत आहे. आतां त्या वाटेवरील जोड एकामागून एक सोडवीत जावें. ज्या जोडाबरोबर चाचणीचा दिवा विझेल, त्याच्या पुढील तारेंत दोष आहे. पत्र्याच्या भोंकांतून तार जाते तेथील रबराची कडी झिजलेली, डिकीच्या बिजागरीशीं तार चेंगरलेली, किंवा बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडींत उंदरांनीं आवरण कुरतडलेलें, हीं नेहमींचीं ठिकाणें होत.

कित्येक इंग्रजी वळणाच्या गाड्यांत पुढील दिव्यांच्या वाटेंत फ्यूजच ठेवलेला नसे. फ्यूज जाऊन भर वेगांत एकदम अंधार होऊं नये, असा त्यांतील हेतु. अशा गाडींत तारांचें आवरण तर अधिकच दक्षतेनें पाहिलें पाहिजे.

सुधारणा कोणती करावी, कोणती करूं नये

या जुन्या गाड्यांत पुढील दिव्यांचा सगळा प्रवाह बहुधा स्टिअरिंगजवळच्या बटणांतून व डिपरमधून फिरून दिव्यांकडे जातो. लांब वाट, बारीक तार आणि झिजलेलीं बटणें यांमुळें दाब गळतो व बटण तापतें. यावर उत्तम उपाय म्हणजे रिले. रिले म्हणजे विद्युत्-चुंबकानें चालणारी कळ. बटणांतून केवळ तिला जागविण्यापुरता अल्प प्रवाह जातो. दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेनें परस्पर दिव्यांकडे पोहोंचतो. हें काम जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावें. नवी तार बॅटरीपासून निघते तेथेंच जवळ फ्यूज घालावा. आणि डाव्या व उजव्या दिव्यास फ्यूज निरनिराळे ठेवावेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा दिवा रस्ता दाखवील. गाडीचें जुनें रूप यानें बिघडत नाहीं.

याच्या उलट, मंद दिव्यांवर उपाय म्हणून १०० वॉटचे बल्ब घालणें ही शुद्ध चूक. दोन दिव्यांचा प्रवाह नवावरून सोळा-सतरा अँपिअरांवर जातो. जी तार नऊ अँपिअर कष्टानें वाहते तिच्यावर हा भार टाकल्यास दाबाचा गळ आणखी वाढतो, बटण वितळतें, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात तें निराळेंच. एलईडी दिव्यांचा मोह हल्लीं फार झाला आहे. त्यांस प्रवाह थोडा लागतो, हें खरें. परंतु जुन्या दिव्याचा आरसा तापणाऱ्या तारेच्या विवक्षित जागेसाठीं घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम त्या जागेवरून थोडा जरी हलला, तरी झोत विस्कटतो. आपल्या पायाशीं लखलखाट, दूर अंधार, आणि समोरच्यास त्रास. वळणाच्या खुणेसाठीं असे दिवे घातले, तर अल्प प्रवाहामुळें जुना फ्लॅशर लुकलुकत नाहीं.

हात घालण्यापूर्वीं

कांहीं पथ्यें कटाक्षानें पाळावींत. हातांतील अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावें आणि गळ्यांतील साखळी किंवा मंगळसूत्र आंत घ्यावें. बारा व्होल्टचा धक्का बसत नाहीं म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु बॅटरीचें उघडें टोंक व सांगाडा यांमध्यें अंगठी सांपडली, तर ती क्षणांत तापून बोट भाजते. बॅटरी सोडवितांना सांगाड्यास जोडलेलें टोंक प्रथम काढावें व जोडतांना तेंच शेवटीं जोडावें. मग पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. भरत असलेल्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तिच्याजवळ काडी ओढूं नये. ज्या तारेचें आवरण हातांत भुगा होऊन येतें, ती गाडी मात्र घरगुती दुरुस्तीच्या पलीकडे गेली असें समजून संपूर्ण वायरिंग बदलून घ्यावें. तेथें काटकसर करणें म्हणजे घर जाळून कोळशाचा व्यापार करण्यासारखें आहे.

एक साधी संवय प्रत्येक कुटुंबानें लावून घ्यावी. रात्रीच्या प्रवासास निघण्यापूर्वीं एकानें आंत बसावें व दुसऱ्यानें गाडीभोंवतीं फिरावें. पुढील दोन्ही झोत, पार्किंगचे दिवे, चारी खुणा, ब्रेकचे दोन्ही दिवे आणि मागील क्रमांकपट्टीवरील दिवा हे सर्व पाहून घ्यावेत. एकट्यासच जावयाचें असेल, तर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून भिंतीवरील तांबडें प्रतिबिंब आरशांत पाहावें. पावसाळा संपला कीं वर्षांतून एकदां सर्व अर्थांचे पेंच सोडवून, घांसून, पुन्हां आवळावेत. दसऱ्यास गाडी धुण्यापुसण्याचा प्रघात आहेच. त्याच दिवशीं हें काम घेतलें, तर लक्षांत राहण्यासहि सोयीचें.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण करतांना ती तपासणीस न्यावी लागते, आणि तेथें दिवेहि पाहिले जातात. परंतु तपासणीच्या दिवसापुरते दिवे लागले म्हणजे झालें, अशी वृत्ति ठेवूं नये. पुढील दिवा आपणांस वाट दाखवितो, मागील दिवा परक्यास आपलें अस्तित्व कळवितो. घाटांतल्या वळणावर मागून उतरणाऱ्या मालमोटारीच्या चालकास आपली माहिती असते ती त्या दोन तांबड्या ठिपक्यांएवढीच. ते ठिपके विझलेले असले तर त्याचा दोष नाहीं, आणि गाडींत बसलेल्या मुलांचाहि नाहीं. एका गंजलेल्या पेंचाकडे वेळेवर पाहणें एवढेंच आपल्या हातीं असतें, आणि बहुतेक वेळां तेवढ्यानेंच भागतें.